दहा मिनिटं

नव्या दिव्यांना आवाज नाही.
हे आधी कळलं, उजेडाचं नंतर.
एकतीस वर्षं डोक्यावर ती घूं चालू होती,
छताला कुणी पोळं लटकवून विसरून गेल्यासारखी,
आणि मी क्रेनच्या केबिनमधून खाली ओरडायचे:
उचलू? का थांबू?
आता ओरडले तर अव्तो मान वर करून म्हणतो,
लामझिरा, मी बहिरा नाहीये.

रुस्तावी, पाइपांचा कारखाना, तिसरी शेड.
एकशे चव्वेचाळीस पाऱ्याचे दिवे,
एकेक लहान दुधी भोपळ्याएवढा.
नुगझारने ते उतरवले माझ्याच क्रेनवर उभं राहून,
आठ रात्री.
पेंढ्यात, पुठ्ठ्यात, अंडी रचावीत तसे.
खोक्यावर कवटीचं चित्र.
आत पारा आहे, म्हणाला, हळू.
म्हटलं, आमच्या फोरमनच्या डोक्यातही असतो,
त्याला नाही कुणी पेंढ्यात ठेवत.

विजेचं बिल निम्म्याहून खाली येणार, नोटीस लागलीय.
येऊ दे. मी काही पाऱ्याची वकील नाही.
त्या उजेडात आम्ही चार दिवस पाण्यात राहिलेल्या
माणसांसारखे दिसायचो, ओठ जांभळे, हात हिरवट.
गंज रंगावरून कळायचा नाही, बोट फिरवून बघायचा.
एलईडी आले आणि परवा समजलं,
माझी केबिन निळी आहे.
मी राखाडी धरून चालले होते.
परवाच समजलं, मकवाला केस रंगवते,
आणि फार वाईट रंगवते.

पण एक गोष्ट नोटिशीत नाही.
पाऱ्याचा दिवा एकदा विझला की रुसायचा.
वीज लगेच परतली तरी हा यायचा नाही.
आधी निवायचा, मग जांभळा, मग कष्टानं पांढरा.
दहा मिनिटं. कधी बारा.
आणि वीज तर तेव्हा अशी जायची
की येणं हीच बातमी.

वर मी, हुकाला सहा टन लोंबतंय.
खाली कुणी हलायचं नाही, नियम.
अव्तो पान्यानं पाइपवर दोनदा ठोकायचा: आहे.
पार तिकडून कुणी एकदा: मीही.
मग कागद उलगडल्याचा आवाज. पाव. कांद्याचा वास.
कुणाचं कर्ज, कुणाची सासू,
उजेडात ज्याचा उच्चार झाला नसता ते सगळं.
चाळीस माणसं मी खोकल्यावरून ओळखायचे.
गुरामनं शिडीखालून विचारलं तेही असंच.
उत्तराला मी नऊ मिनिटं लावली.
दिवे जांभळे व्हायला लागले, घाई झाली, हो म्हटलं.
पांढरे झाल्यावर चेहरा पाहिला.
असो. आता नातू आहे.

काल नव्या दिव्यांत पहिल्यांदा वीज गेली.
सवयीनं सगळ्यांनी हातातलं खाली ठेवलं.
अव्तो उलट्या बादलीवर टेकला,
मकवालानं पिशवीतून खाचापुरी काढली
आणि उजेड आला.
लगेच. पापणी लवावी तेवढ्यात.
चाळीस माणसं बसलेली, तोंडात घास,
पाइपवरचा बारीक आकडासुद्धा वाचता यावा
अशा लख्ख उजेडात,
दाराशी नवा साहेब.
कुणी काही बोललं नाही.
मकवालानं घास गिळला,
तो मला वर ऐकू आला.

आज पाळी सुटायच्या आधी
हुक रिकामा केला, ब्रेक लावला, डोळे मिटले.
हा उजेड पापण्यांतूनही आत येतो, हट्टी आहे.
तरी मोजत राहिले.
शंभराच्या आसपास असेन,
खालून पान्याचे दोन ठोके.

मी कठड्यावर एक दिला.